एकटीच्या कचेरीचे हिशेब: सॉफ्टवेअर निवडण्याआधी मी काय तपासले

गेल्या वर्षी १ एप्रिलला मी माझ्या कचेरीचे हिशेब एका सॉफ्टवेअरमधून काढून दुसऱ्यात नेले. सांगलीत मी एकटीच वास्तुविशारद म्हणून काम करते. हाताखाली पगारी माणूस नाही, नकाशांचे जास्तीचे काम आले तर ते बाहेरून करून घेते, आणि बिल लिहिण्यापासून जीएसटीचे चलन भरण्यापर्यंत सगळे माझ्याकडेच असते. या बदलानंतर आमच्या व्यवसायातल्या पाच-सहा जणांनी मला फोन करून "कोणते घेतलेस?" असे विचारले. नाव एका शब्दात सांगून होते, पण तेवढे सांगून फोन ठेवणे मला बरे वाटेना, कारण मी आधी एकदा चुकले आहे आणि तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी सोयीचे पडलेले सॉफ्टवेअर विचार न करता घेतले होते. म्हणून यावेळी काय पाहिले आणि का पाहिले, ते इथे सविस्तर लिहिते.

आमच्या घरात हिशेब नवा नव्हता. वडिलांचे मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान होते आणि तिथल्या दिवाणजींनी मला शाळेच्या सुट्टीत रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहायला बसवले होते. रोजकीर्दीतून खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, नोंद कशी जाते, महिनाअखेरीस तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंची बेरीज, का जुळायला हवी, आणि ती दहा रुपयांनी चुकली तर दहा रुपये खिशातून टाकून का चालत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. व्यवसाय सुरू केल्यावर पहिली काही वर्षे मी वह्यांतच हिशेब ठेवला आणि बिले एक्सेलमध्ये केली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरच्या कचेरीत पाणी शिरले आणि आठवड्याने दार उघडले तेव्हा वह्यांची पाने एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. बँकेचे उतारे मागवून आणि ग्राहकांना फोन करून मी तीन वर्षांचे येणे पुन्हा उभे केले. दोन ठिकाणचे येणे मला सिद्ध करता आले नाही आणि ते सोडून द्यावे लागले.

पुरानंतर साहजिकच "सगळे ऑनलाइन हवे" असे ठरवले, आणि ओळखीतल्या एका दुकानदाराने वापरलेले एक ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतले. त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही. त्याच्या दुकानाला ते उत्तम चालत होते, कारण त्याचा व्यवहार रोजचा, रोखीचा आणि मालाचा होता. माझा व्यवहार त्याच्या अगदी उलटा आहे. महिन्याला जेमतेम पाच-सहा बिले होतात, पण एकेक बिल महिनोन्महिने येणे राहते. माल नाही, गोदाम नाही, बारकोड नाही. उलट आगाऊ रक्कम आहे, टीडीएस (ग्राहकाने पैसे देतानाच कापलेला आयकर) आहे, कर्नाटकातली कामे आहेत, आणि घरखर्च व कचेरीचा खर्च एकाच खात्यातून गेल्याचे प्रसंगही आहेत. या चार गोष्टींपैकी एकही त्या सॉफ्टवेअरला धड हाताळता येत नव्हती, आणि हे मला दोन वर्षे वापरल्यावर कळले.

म्हणून यावेळी सॉफ्टवेअर पाहण्याआधी मी एक साधे काम केले. मागच्या वर्षभरातले मला अडलेले अकरा कागद निवडून एका पाकिटात घातले: बिले, पावत्या, बँकेच्या उताऱ्याचे एक पान. जे सॉफ्टवेअर पाहायचे, त्यात हेच अकरा कागद एका संध्याकाळी भरायचे आणि शेवटी तेरीज व जीएसटीचा आकडा मी हाताने काढलेल्या आकड्याशी जुळतो का, ते पाहायचे. विक्रेता दाखवतो ती उदाहरणे नेहमी सरळ असतात, आणि सरळ नोंद कोणतेही सॉफ्टवेअर बरोबरच करते. आपला व्यवहार कुठे वाकडा जातो हे फक्त आपल्याला माहीत असते.

त्या पाकिटातला पहिला कागद बेळगावच्या बंगल्याचा होता. ग्राहक सांगलीचे, पत्ता सांगलीचा, पण बंगला बेळगावजवळ बांधायचा. एकात्मिक वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्थावर मालमत्तेशी थेट निगडित सेवेचे 'पुरवठ्याचे ठिकाण' ती मालमत्ता जिथे आहे ते असते, आणि त्या कलमात वास्तुविशारदांचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे ग्राहक माझ्या शेजारच्या गल्लीत राहत असला, तरी या बिलावर केंद्राचा सीजीएसटी ९ टक्के आणि राज्याचा एसजीएसटी ९ टक्के लागत नाही, तर दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी १८ टक्के लागतो. दुसरा कागद याच्या नेमका उलट होता. बेंगळुरूला स्थायिक झालेल्या एका कुटुंबाच्या मिरजेतल्या वाड्याच्या दुरुस्तीचे ते बिल होते. ग्राहकाचा पत्ता कर्नाटकातला, राज्य संकेतांक २९, पण वाडा महाराष्ट्रात, म्हणून पुरवठ्याचे ठिकाण महाराष्ट्र, संकेतांक २७, आणि कर सीजीएसटी व एसजीएसटी अशा दोन भागांत.

जुने सॉफ्टवेअर ग्राहकाच्या पत्त्यावरून कर ठरवी आणि एकेका बिलापुरते ते बदलायची सोय त्यात नव्हती. बेळगावचे बिल मी नऊ-नऊ टक्क्यांनी काढून ग्राहकाला दिलेही होते. विवरणपत्र भरण्याआधी आमच्या सीएंनी ते पाहिले आणि मला विचारले, "मॅडम, हा बंगला नक्की कुठे आहे?" त्या एका प्रश्नाने पुढचा घोळ टळला. विवरणपत्र गेले असते तर चुकीच्या खात्यात भरलेल्या कराचा परतावा मागायचा आणि बरोबर कर नव्याने भरायचा, अशी दुहेरी धावपळ झाली असती. दुकानदाराला ही अडचण बहुधा कधीच येत नाही. इमारतीवर काम करणाऱ्या माणसाला, मग तो अंतर्गत सजावट करणारा असो, सर्वेक्षक असो की अभियंता, ती हटकून येते. म्हणून पुरवठ्याचे ठिकाण प्रत्येक बिलावर वेगळे निवडता येते का, हा माझा पहिला प्रश्न झाला. टॅलीप्राइम आणि झोहो बुक्स या दोन्हींत ते निवडता आले.

टीडीएसचा कागद याहून जास्त लोकांच्या उपयोगाचा आहे, म्हणून त्याचे आकडे पूर्ण देते. एका बांधकाम व्यावसायिकाला मी ६०,००० रुपये शुल्काचे बिल दिले. त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८०० रुपये, म्हणजे बिल ७०,८०० रुपयांचे. व्यावसायिक शुल्कावर १० टक्के कर कापणे त्याला बंधनकारक आहे, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कपात मूळ शुल्कावरच करायची असते. म्हणून त्याने ६,००० रुपये कापले आणि माझ्या बँकेत ६४,८०० रुपये जमा केले. ते ६,००० रुपये गेले कुठेही नाहीत. ते माझ्या पॅनवर सरकारकडे जमा झाले आहेत, फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे माझ्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या पत्रकात, दिसतील आणि माझ्या आयकरातून वजा होतील. हिशेबात याची नोंद अशी हवी की ग्राहकाचे येणे पूर्ण ७०,८०० रुपयांनी मिटावे, बँक ६४,८०० ने वाढावी, आणि 'येणे टीडीएस' नावाच्या खात्यात ६,००० उभे राहावेत, जे वर्षाअखेरीस २६एएसशी एकेका ग्राहकाप्रमाणे ताडून पाहता येतील.

ही नोंद चुकण्याचे दोन रस्ते मी पाहिले आहेत. काही जण बँकेत आलेली रक्कम हीच जमा धरतात. मग उत्पन्न कमी दिसते आणि २६एएसमधला आकडा त्याच्याशी जुळत नाही. दुसरा रस्ता माझा होता. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टीडीएससाठी जागाच नसल्याने बिल ६,००० रुपयांनी अपुरे राहिले आणि येण्याच्या यादीत तसेच दिसत राहिले. त्यातच स्मरणपत्रे आपोआप पाठवण्याची सोय मी चालू ठेवली होती. माझ्या नावे वेळेवर कर भरणाऱ्या त्या भल्या माणसाला "आपल्याकडून ६,००० रुपये येणे आहे" अशी पत्रे लागोपाठ तीन महिने गेली. त्याने फोन केला तेव्हा मला हे कळले. मी त्याच्या कचेरीत जाऊन माफी मागितली, पण तेव्हापासून एक गोष्ट पक्की ठरवली: पावती भरताना "कर कापला का, किती कापला" हे जिथे त्याच खिडकीत विचारले जात नाही किंवा निदान वेगळे खाते जोडून ती नोंद करता येत नाही, ते सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या माणसाच्या कामाचे नाही. झोहो बुक्समध्ये पावती भरतानाच कपात विचारली जाते. टॅलीत आपण 'येणे टीडीएस' हे खाते एकदा उघडायचे आणि पुढे जर्नल व्हाउचरने, म्हणजे रोख किंवा बँक न हलता दोन खात्यांत करायच्या नोंदीने, कापलेली रक्कम बिलवार वजा करायची. पहिले शिकायला सोपे आहे. दुसरे मला जास्त आवडले, कारण नोंद कुठून कुठे गेली हे डोळ्यांसमोर राहते. दिवाणजींच्या शिकवणीचा हा परिणाम असावा, आणि ज्याला जमा-नावेची सवय नाही त्याला माझी ही आवड मी लादणार नाही.

तिसरी गाठ आगाऊ रकमेची. मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी भरावा लागत नाही, ही सवलत नोव्हेंबर २०१७ पासून आहे. सेवेच्या आगाऊ रकमेवर मात्र तो रक्कम हाती येताच लागू होतो. आमच्या व्यवसायात काम सुरू करताना काही रक्कम घेण्याची रीतच आहे. समजा मार्चमध्ये मला २३,६०० रुपये मिळाले. त्यात २०,००० शुल्क आणि ३,६०० कर आहे. यासाठी करबिल काढायचे नसते, 'पावती व्हाउचर' द्यायचे असते. जूनमध्ये नकाशे पूर्ण झाल्यावर मी ५०,००० अधिक ९,००० असे ५९,००० चे बिल काढते. ग्राहक राहिलेले ३५,४०० देतो, आणि त्या तिमाहीत मी भरायचा कर ५,४०० असतो, कारण ३,६०० आधीच्या तिमाहीत भरून झालेले असतात. जे सॉफ्टवेअर आगाऊ रक्कम बिलाच्या तळाशी नुसती वजा दाखवते आणि विवरणपत्रात पुन्हा पूर्ण ९,००० नेते, ते आपल्याकडून तोच कर दोनदा भरून घेते. बिल पाहून ही चूक दिसत नाही, कारण बिल बरोबरच असते. जीएसटीआर-१ चा, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राचा, अहवाल काढून आगाऊ रकमांचे तक्ते भरले गेले आहेत का, ते पाहावे लागते. मोफत चाचणीत हा अहवाल उघडून पाहणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मोबाइलवर बिले करणाऱ्या अ‍ॅपांपैकी दोन मी पाहिली. बिल अर्ध्या मिनिटात होई, दिसायला सुबक होई, पण माझ्या पाकिटातल्या या कागदाशी आल्यावर मी थांबले. किराणा, स्टेशनरी, हार्डवेअर अशा दुकानाला ती अ‍ॅप खरोखर सोयीची आहेत, हेही इथेच सांगते.

घरखर्चाबद्दल थोडक्यात लिहिते. एकट्या माणसाच्या व्यवसायात मालक आणि व्यवसाय कायद्याने वेगळे नसतात, पण हिशेबाने ते वेगळेच ठेवावे लागतात. साइटवर जाताना भरलेले पेट्रोल कचेरीचे, तिथून येताना घेतलेली भाजी घराची. भाजीसाठी 'उचल' हे खाते असले की पुरते. सॉफ्टवेअरने ते 'खर्च' म्हणून नफ्यातून वजा करू नये, भांडवलातून वजा करावे, एवढेच पाहायचे. व्यवसायासाठी बँकेत वेगळे चालू खाते उघडले तर यातला बराचसा त्रास सॉफ्टवेअरशिवायच संपतो. मी ते फार उशिरा उघडले.

बँकेचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. बहुतेक ऑनलाइन सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत बँक खाते जोडल्यावर नोंदी आपोआप येतात असे ठळकपणे लिहिलेले असते, आणि मोठ्या बँकांच्या बाबतीत ते खरेही असते. आमच्याकडे पश्चिम महाराष्ट्रात अनेकांची खाती सहकारी बँकांत असतात. माझ्या बँकेचे नाव एकाही सॉफ्टवेअरच्या यादीत नव्हते. तिचा उतारा पीडीएफमध्ये मिळतो, शाखेत विनंती केली तर एक्सेलमध्ये मिळतो. एक्सेलचा उतारा आत घेता येतो का, हे पाहणे मला पुरेसे होते. महिन्याला चाळीसेक नोंदी असतात. त्या हाताने ताडायला एक तास लागतो, आणि त्या तासात मला दरवेळी विसरलेली एखादी गोष्ट सापडते. त्यामुळे या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत असे मला वाटले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती. आत जाण्याआधी बाहेर पडण्याचा रस्ता पाहून ठेवावा. जुने सॉफ्टवेअर सोडायचे ठरवल्यावर मी 'डेटा निर्यात' हे बटण पहिल्यांदा दाबले. ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये आली. बिले एकेक करून पीडीएफमध्ये आली. खतावणीही पीडीएफमध्येच आली. कोणती पावती कोणत्या बिलापोटी आली होती, हा दुवा कुठल्याच फाइलमध्ये आला नाही, आणि येणे रकमांचा हिशेब तर त्याच दुव्यावर उभा असतो. दोन वर्षांची जवळपास दीडशे बिले आणि त्यांच्या पावत्या मी पाच आठवडे रोज संध्याकाळी बसून हाताने पुन्हा जोडल्या. पुरातून वह्या गेल्या तेव्हा जे काम केले, तेच काम मी कोरड्या खोलीत बसून दुसऱ्यांदा केले.

कोणी म्हणेल की मोठ्या कंपनीचे घेतले तर असे होत नाही. इंट्युइट ही जगातल्या हिशेब-सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे, आणि तिने २०२३ मध्ये क्विकबुक्स ही सेवा भारतात बंद केली. ग्राहकांना आधी कळवले, मुदत दिली, पण सेवा बंद झाली ती झालीच. कंपनीने कुठे व्यवसाय करावा हा तिचा निर्णय असतो. आपल्यावरची जबाबदारी मात्र त्यामुळे संपत नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेबाची पुस्तके जपून ठेवावी लागतात. सहा वर्षांत सॉफ्टवेअर बंद पडू शकते, त्याची मालकी बदलू शकते, दर दुप्पट होऊ शकतो. म्हणून चाचणीच्या पहिल्याच दिवशी, अकरा कागद भरून झाल्यावर, मी सगळा डेटा बाहेर काढून पाहिला. रोजकीर्द एक्सेलमध्ये येते का? प्रत्येक ओळीत तारीख, खाते, जमा, नावे आणि बिल क्रमांक वेगळ्या रकान्यांत आहेत का? देवनागरीत लिहिलेली टीप बाहेर येताना तशीच राहते का, की तिच्या जागी चौकोन येतात? मोजून तीन सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे तुटली, आणि त्यातल्या एकात तर ग्राहकाला द्यायच्या बिलावरही तुटली. 'श्री. व सौ.' लिहिलेले बिल त्या अवस्थेत मी कोणाच्या हातात देऊ शकत नाही.

ग्नूकॅश या मुक्त सॉफ्टवेअरचा इथे आदराने उल्लेख करते. ते विनामूल्य आहे, दुनोंदी पद्धतीने (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहून) काटेकोर चालते, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर बसते, आणि डेटा पूर्णपणे आपल्या ताब्यात असतो. बाहेर पडण्याच्या परीक्षेत ते सर्वांत पुढे होते. पण भारतीय जीएसटीची विवरणपत्रे त्यात तयार होत नाहीत, ती सगळी जुळवाजुळव आपण करायची. ज्याची वार्षिक उलाढाल सेवांसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेत आहे आणि ज्याने जीएसटी नोंदणी केलेली नाही, त्याला मी आजही हेच सुचवीन, नाहीतर नीट आखलेले एक्सेल. अशा माणसाने केवळ व्यवसाय सुरू केला म्हणून वर्गणी भरू नये.

एक प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. आयकराच्या अनुमानित योजनेत, जिला आपण ४४एडीए म्हणून ओळखतो, वास्तुविशारदाच्या एकूण जमेच्या ५० टक्के नफा धरता येतो. मग हिशेब ठेवायचे कशाला? पहिले कारण असे की जीएसटीची नोंदणी असेल तर त्या कायद्याची पुस्तके वेगळी ठेवावीच लागतात. दुसरे कारण मला जास्त मोलाचे वाटते. कोणत्या कामात माझा किती वेळ गेला आणि त्यातून काय उरले, हे अनुमानातून कळत नाही. साइटवारी खर्च वेगळा दाखवणारे अहवाल मी पहिल्यांदा काढले तेव्हा दिसले की जुन्या घरांच्या दुरुस्तीच्या कामांत फेऱ्याच इतक्या होतात की नव्या बंगल्याच्या दराने शुल्क घेणे मला परवडतच नव्हते. त्यानंतर मी दुरुस्तीच्या कामांचे शुल्क ठरवण्याची पद्धत बदलली. सॉफ्टवेअरने माझे काही वाचवले असेल तर ते इथे.

शेवटी निवड दोघांत आली. झोहो बुक्सचे पारडे अनेक बाबतींत जड होते. शिकायला सोपे, फोनवरून पाहता येते, लहान उलाढालीसाठी त्यांची मोफत योजनाही आहे. माझी पुण्यातली एक मैत्रीण एकटीच ग्राफिक डिझाइनचे काम करते. तिचे निम्मे ग्राहक परदेशी आहेत, बिले डॉलरमध्ये जातात, निर्यात म्हणून एलयूटीवर (कर न भरता निर्यात करण्यासाठी द्यायच्या हमीपत्रावर) शून्य दराने काढायची असतात, आणि ती मॅक वापरते. टॅलीप्राइम विंडोजवर चालते. तिला मी डोळे झाकून झोहो बुक्स सांगितले आणि ती समाधानी आहे.

मी मात्र टॅलीप्राइम घेतले. नकाशे काढायच्या ऑटोकॅडसाठी विंडोजचा संगणक माझ्याकडे होताच. साइटवर उभी राहून मी कधीच बिल करत नाही, त्यामुळे फोनची सोय माझ्या उपयोगाची नव्हती. आमचे सीए दोन चौक पलीकडे आहेत आणि माझी डेटा फाइल ते जशीच्या तशी उघडून पाहतात, चूक असेल तर खुणेसह सांगतात. आणि फाइल माझ्या डिस्कवर असते. किंमत लहान नाही. एका वापरकर्त्याच्या कायमच्या परवान्याला वीस हजारांच्या पुढे पैसे आणि वर जीएसटी लागतो, शिवाय नव्या आवृत्त्या मिळत राहण्यासाठी पुढे सेवेचे नूतनीकरण करावे लागते. भाड्यानेही मिळते. नूतनीकरण टाळावे असे मला वाटत नाही, कारण कायदा स्थिर नसतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे टप्पे बदलले. पैसे भरण्याआधी शिकाऊ आवृत्तीत हात बसवता येतो. तिच्यात महिन्याच्या फक्त पहिल्या, दुसऱ्या आणि एकतीस तारखेच्या नोंदी करता येतात, म्हणून मी माझे अकराही कागद १ आणि २ तारखेवर घालून चाचणी केली. आकडे जुळण्यात त्याने काही फरक पडत नाही.

सीएंबद्दल एक सूचना. त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका, पण फक्त त्यांना सोयीचे म्हणूनही घेऊ नका. ते तिमाहीतून एकदा तुमची फाइल उघडतात, तुम्ही ती रोज उघडता. मी त्यांना एवढेच विचारले होते की या दोघांपैकी कशातून आलेला डेटा तुम्हाला पुन्हा टाइप करावा लागणार नाही.

बदल करायचा तर आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी करावा. ३१ मार्चची तेरीज जुन्या ठिकाणी काढायची, तिचेच आकडे नव्या ठिकाणी आरंभीची शिल्लक म्हणून भरायचे, आणि येणे एकत्र आकड्याने न भरता बिलवार भरायचे, म्हणजे मे महिन्यात जुन्या बिलाचे पैसे आले तरी ते कुठे लावायचे हे कळते. एप्रिलचा पूर्ण महिना मी दोन्हीकडे नोंदी केल्या. दुप्पट काम झाले, पण १८ एप्रिलला दोन्हीकडचे येणे २,३६० रुपयांनी वेगळे दिसले. शोधल्यावर मिरजेच्या एका ग्राहकाचे २,००० अधिक कराचे छोटे बिल आरंभीच्या यादीत लिहायचेच राहून गेले होते, असे निघाले.

पुराची भीती मनातून गेलेली नाही. दर शनिवारी काम संपले की मी टॅलीचा बॅकअप काढते. त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर, जो पिशवीतून घरी दुसऱ्या मजल्यावर जातो, आणि एक प्रत ऑनलाइन साठवणीत. महिन्यातून एकदा रोजकीर्द एक्सेलमध्ये काढून तीही तिथेच ठेवते. आणि तिमाहीच्या शेवटी बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहते, कारण न उघडलेला बॅकअप आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. मागच्या वेळी तो भावाच्या लॅपटॉपवर उघडला, येण्याची यादी काढली, आणि बेळगावच्या बंगल्याचे बिल तिथेही आयजीएसटी १८ टक्क्यांनीच दिसले.